मुठीएवढ्या उपग्रहाचे इंजिन

२२ जून २०१६ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटात एकूण वीस उपग्रह होते. त्यांतला सर्वांत हलका पुण्याचा होता. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी खपून बनवलेल्या ‘स्वयम’चे वजन भरले ९९० ग्रॅम. आकार दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचा. जमिनीवरून हॅम रेडिओवर आलेला संदेश पोटात साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो खाली सोडायचा, हे त्याचे काम.

‘स्वयम’मधली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे दिशा सांभाळण्याची त्याची रीत. आत एक कायमचे चुंबक बसवले होते, जे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळून राहते. सोबत मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या होत्या. उपग्रह डोलू लागला, की प्रत्येक हेलकाव्यात या कांड्यांचे चुंबकत्व उलटसुलट होते. त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि डोलणे हळूहळू थांबते. मोटर नाही, वीज नाही, इंधन नाही. सगळे काम धातूच्या अंगच्या गुणाने होते.

पण दिशा सांभाळणे वेगळे आणि जागा बदलणे वेगळे. ‘स्वयम’ला स्वतःची कक्षा एका मीटरनेही वरखाली करता येत नव्हती. रॉकेटने जिथे सोडले तिथे फिरत राहायचे, आणि पाचशे किलोमीटर उंचीवरही शिल्लक असलेली विरळ हवा खाली ओढेल तसे ओढले जायचे. जगभरात सोडल्या गेलेल्या लहान उपग्रहांपैकी असंख्य उपग्रह असेच इंजिनाविना गेले आहेत.

आता ते चालण्यासारखे नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला, की खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत वातावरणात उतरून नष्ट झाला पाहिजे. त्याआधी पंचवीस वर्षांची सवलत समजली जात असे. भारताने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले, की २०३० पर्यंत देशातल्या सरकारी आणि खासगी, सर्वच अवकाश मोहिमा कचरामुक्त असतील. म्हणजे उंची टिकवण्यासाठी, समोरून येणाऱ्या तुकड्याला चुकवण्यासाठी आणि शेवटी खाली उतरण्यासाठी मुठीएवढ्या उपग्रहालाही ढकलण्याचे काही ना काही साधन लागणार. ते साधन कशाचे बनवायचे, हा प्रश्न मुख्यतः पदार्थविज्ञानाचा आहे. आणि त्याच्या उत्तरातले बरेच पदार्थ पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात रोज हाताळले जातात, फक्त वेगळ्या कामासाठी.

लहान केले म्हणजे झाले असे नाही

मोठे इंजिन घ्यावे, त्याची सगळी मापे शंभराव्या हिश्श्यावर आणावीत आणि उपग्रहात बसवावे, असे होत नाही. एखादे भांडे लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडून निम्मे केले, तर आतली जागा आठव्या हिश्श्यावर येते, पण भिंतींचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावरच थांबते. आतल्या वायूच्या मानाने भिंत दुप्पट होते. म्हणून इंजिन जितके लहान, तितकी त्याची उष्णता भिंतींतून जास्त निसटते आणि भिंतीला घासून जाणारा वायू जास्त रेंगाळतो. इंधन तेच राहिले तरी जोर घटतो.

मापांचा अंदाज घेण्यासाठी एक न्यूटन जोराचे छोटे इंजिन पाहू. एक न्यूटन म्हणजे पृथ्वीवर साधारण शंभर ग्रॅम वजन तोलण्याइतका जोर. अशा इंजिनाच्या नळकांड्यात पंधराएक पट वातावरणीय दाब असेल, तर नोझलचा सर्वांत अरुंद भाग, ज्याला गळा म्हणतात, तो फक्त ०.७ मिलिमीटर व्यासाचा भरतो. टूल रूममध्ये काम करणाऱ्याला हे माप ऐकून धास्ती वाटणार नाही. नाशिकला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात आणि अशा नोझलची भोके त्याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. ठिणग्यांनी धातू झिजवून भोक पाडायचे आणि मग त्याची कड घासून गोलसर करायची, हे तंत्र महाराष्ट्रात लाखो नगांवर वापरात आहे. भोसरीच्या लहान शेडमध्येही ‘वायर कट’ आणि ‘स्पार्क’ हे रोजचे शब्द आहेत.

अडचण भोकाची नाही, भोकाभोवतीच्या धातूची आहे. डिझेलचा नोझल काही हजारांश सेकंदाच्या फवाऱ्यानंतर थंड होतो. उपग्रहाच्या इंजिनाचा गळा मात्र हजार अंशांचा वायू सलग झेलतो आणि पुढच्या क्षणी अवकाशाच्या गारठ्यात येतो. तरीही त्याचा व्यास बदलून चालत नाही, कारण गळा पाच टक्क्यांनी रुंदावला तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. आजकाल धातूची पूड लेझरने वितळवून थरावर थर चढवत भाग ‘छापले’ जातात. इस्रोने मे २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे असे छापलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवले. चौदा सुट्या भागांच्या जागी एकच भाग आला आणि एकोणीस वेल्डिंगचे सांधे गेले. मात्र या पुडीचे कण पंधरा ते पंचेचाळीस मायक्रॉनचे असतात. मोठ्या इंजिनात भिंतीला चिकटून राहिलेला असा अर्धवट वितळलेला कण कोणाच्या खिजगणतीत नसतो. ०.७ मिलिमीटरच्या गळ्यात तोच कण व्यासाच्या पाचेक टक्के जागा अडवून बसतो. म्हणून लहान इंजिनात छपाईनंतरची घासाई हेच खरे काम ठरते.

एक किलो इंधनाचा हिशेब

दहा किलो वजनाचा एक उपग्रह घेऊ, ज्यात एक किलो इंधन आहे. नुसता दाबलेला थंड वायू नोझलमधून सोडला, तर या एका किलोतून उपग्रहाचा वेग एकूण सेकंदाला साठेक मीटरने बदलता येतो. उत्प्रेरकावर विघटन होऊन तापणारे द्रव इंधन वापरले तर सव्वादोनशे मीटरने. आणि विजेच्या जोराने आयन फेकणारे इंजिन असेल, तर तीन हजार मीटरच्या घरात.

या आकड्यांचा अर्थ असा. पाचशे किलोमीटर उंचीवर कक्षा एक किलोमीटरने खाली आणायला सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगबदल लागतो. तिथून तीनशे किलोमीटरवर उतरायचे, तर सुमारे एकशे दहा मीटर लागतात. त्याखाली हवा उरलेले काम करते. थंड वायूला हे जमत नाही. तापणाऱ्या द्रवाला जमते आणि निम्मे इंधन शिल्लक राहते. आयन इंजिनाला तर ते किरकोळ आहे, फक्त वेळ लागतो.

थंड वायूला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. मे २०१८ मध्ये मंगळाकडे निघालेले ‘मार्को’ हे जोडउपग्रह प्रत्येकी साडेतेरा किलोचे होते आणि अग्निशामक नळकांड्यात वापरल्या जाणाऱ्या वायूच्या जोरावर त्यांनी वाटेतले मार्ग सुधारले. काही पेटत नाही, काही तापत नाही. विद्यार्थ्यांच्या उपग्रहाला यापेक्षा सोपे साधन नाही.

एक्झॉस्टमधले मधमाशीचे पोळे

तापणाऱ्या द्रव इंधनात अनेक दशके एकच नाव चालत आले, हायड्राझिन. इरिडियम धातू चढवलेल्या ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, दाण्यांवर ते शिंपडले, की ठिणगीशिवाय फुटते आणि नऊशे-हजार अंशांचा वायू होतो. हा उत्प्रेरक साठच्या दशकात अमेरिकेत शेल कंपनीने विकसित केला आणि ‘शेल-४०५’ या नावाने प्रसिद्ध झाला. असंख्य उपग्रह त्यावर चालले. पण हायड्राझिन विषारी आहे आणि त्याने कर्करोगाचा धोका असतो. ते भरताना माणसांना अंगभर बंद पोशाख आणि वेगळी हवा लागते. एक किलोच्या उपग्रहासाठी हा खर्च कोणत्याही महाविद्यालयाला झेपणारा नाही.

इथे चाकणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टकडे पाहायला हवे. त्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो कापून उघडला, तर आत फिकट रंगाचा सिरॅमिकचा ठोकळा दिसतो आणि त्यात आरपार गेलेले चौकोनी बोगदे. एका चौरस सेंटिमीटरमध्ये साठच्या आसपास बोगदे मावतात आणि दोन बोगद्यांमधली भिंत मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या भागाइतकी असते. भिंतीवर ॲल्युमिनाचा पातळ लेप असतो, जो नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतका खडबडीत आणि सच्छिद्र निघतो, की एका ग्रॅम लेपाचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरांहून जास्त भरतो. त्या पृष्ठभागावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. धातू थोडा, पण वायूला भेटायला जागा प्रचंड.

उपग्रहाच्या इंजिनातला उत्प्रेरक याच घराण्यातला आहे. आधार तोच ॲल्युमिनाचा, वर मौल्यवान धातूचे कण तसेच, आणि दुखणीही तीच. गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा कन्व्हर्टर थंड असतो आणि अडीचशे-तीनशे अंशांना पोहोचेपर्यंत जवळपास निकामी असतो. म्हणूनच तपासणीतले बरेचसे प्रदूषण पहिल्या काही मिनिटांत होते. उपग्रहाचे इंजिनही थंड असताना नीट पेट घेत नाही, म्हणून उत्प्रेरकाला आधी विजेवर तापवतात. दुसरे दुखणे म्हणजे ॲल्युमिनाचे बसणे. हजार-अकराशे अंशांच्या वर त्याची सच्छिद्र रचना बदलून घट्ट होते, पृष्ठभाग घटतो आणि धातूचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. इंजिनाजवळ बसणाऱ्या कन्व्हर्टरसाठी मोटार उद्योगाने यावर उपाय काढला. लॅन्थेनम किंवा बेरियम मिसळले, की ॲल्युमिना उष्णतेत जास्त काळ तग धरतो. हायड्राझिनऐवजी येणारी नवी ‘हरित’ इंधने आणखी तापतात. २०१० मध्ये ‘प्रिझ्मा’ या युरोपीय मोहिमेत वापरलेले इंधन सोळाशे अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे अवकाश क्षेत्रातल्या संशोधकांनाही हाच टिकाऊ आधार हवा असतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि कन्व्हर्टरच्या टिकाऊपणाला कडक कसोटी आली. नवा उत्प्रेरक भट्टीत मुद्दाम ‘म्हातारा’ करायचा, मग गाडीवर बसवून त्याचे काम मोजायचे, ही पद्धत या पट्ट्यातल्या अभियंत्यांच्या अंगवळणी पडली आहे. मोटारींची तपासणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेचे केंद्र चाकणला आहे. उत्प्रेरक कसा मरतो, हे ज्यांना ठाऊक आहे, ते लहान उपग्रहांच्या इंजिनातला एक मोठा प्रश्न आधीच अर्धा समजून बसले आहेत.

चांदी कुठे हरते

हरित इंधनांपैकी महाराष्ट्राच्या सर्वांत जवळचे म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते ते पाण्यात जेमतेम काही टक्के असते. कापड आणि कागद पांढरा करण्यासाठी लागते ते पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि कल्याणला नॅशनल पेरॉक्साइडच्या कारखान्यात ते अनेक दशके बनत आले आहे. इंजिनासाठी लागते पंच्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे. उत्प्रेरकाला भिडले की त्याचे पाणी आणि ऑक्सिजन होते, आणि भरपूर उष्णता सुटते. विषारी धूर होत नाही, मागे उरते ती गरम वाफ.

१९७१ मध्ये ब्रिटनने ‘प्रॉस्परो’ उपग्रह सोडला तो पेरॉक्साइडवर चालणाऱ्या ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटाने. सोयूझ रॉकेटांतल्या पंपांच्या टर्बाइनही याच द्रवावर फिरत आल्या. त्या काळचा ठरलेला उत्प्रेरक म्हणजे चांदीची जाळी. नव्वद टक्के पेरॉक्साइड फुटले की सुमारे साडेसातशे अंश तापमान होते आणि चांदी ते निभावते. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे वापरले की तापमान साडेनऊशेच्या घरात जाते. चांदी वितळते ९६२ अंशांना. म्हणजे इंधन चांगले करत गेलो, की नेमक्या त्या टोकाला उत्प्रेरक मऊ पडू लागतो. पुढे जायचे तर चांदी सोडून सिरॅमिकवर बसवलेल्या प्लॅटिनमकडे किंवा मँगनीजच्या ऑक्साइडकडे वळावे लागते. मग पुन्हा तेच पोळे, तोच लेप आणि तीच टिकून राहण्याची परीक्षा.

मुंबईत हेच काम आयआयटीतून बाहेर पडलेल्या तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांच्या ‘मनस्तु स्पेस’ने हाती घेतले. कंपनी २०१७ ची. पेरॉक्साइडवर आधारित इंधन आणि त्याला सोसणारा उत्प्रेरक, या दोन्हींवर तिचा भर आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० सुटले, त्याच्या चौथ्या टप्प्यावर तिचे ‘व्योम-२यू’ हे इंजिन चाचणीसाठी गेले. काम संपलेला हा चौथा टप्पा फेकून न देता इस्रो प्रयोगांचा मंच म्हणून वापरते. त्या वेळी त्यावर चोवीस प्रयोग होते आणि त्यांत पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूच्या विद्यार्थ्यांचेही एक उपकरण होते. त्याच्या वर्षभर आधी, १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात, बेंगळुरूच्या बेलाट्रिक्सचे एक न्यूटन गटातले हरित इंजिन अशाच मंचावरून तपासले गेले होते. त्याला डीआरडीओच्या निधीचा आधार होता.

पेरॉक्साइडचा धाक मात्र विसरता येत नाही. लोखंड, तांबे, मँगनीज यांचा लवलेश जरी टाकीत राहिला, तरी ते द्रव बिनबोलावता फुटू लागते. १२ ऑगस्ट २००० रोजी ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी ११८ जणांसह बुडाली, त्यामागे टॉर्पेडोतल्या पेरॉक्साइडची गळती होती असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. म्हणून टाकी शुद्ध ॲल्युमिनियमची किंवा निवडक स्टेनलेस स्टीलची बनवतात, नायट्रिक आम्लाने तिचे पॅसिव्हेशन करतात, म्हणजे आतला पृष्ठभाग निष्क्रिय करतात, आणि कटिंग ऑइलचा डाग किंवा लोखंडाचा कीस आत राहू नये यासाठी कामाची जागाच वेगळी ठेवतात. ज्या शेडमध्ये एका यंत्रावर कास्ट आयर्नचा जॉब चालू आहे, तिथे शेजारी ही टाकी बनत नाही. मोटारीच्या भागांकडून अवकाशाच्या भागांकडे जाणाऱ्या व्हेंडरला यंत्रापेक्षा ही शिस्त जास्त महाग पडते.

पूड दाबून केलेले छिद्र

पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याला लागून धातूच्या पुडीपासून भाग बनवण्याचा जुना कारखाना आहे. महिंद्रा सिंटर्ड प्रॉडक्ट्स म्हणून तो ओळखला जाई, नंतर जीकेएन सिंटर मेटल्स झाला. लोखंडाची किंवा ब्राँझची पूड डायमध्ये भरायची, प्रेसखाली दाबायची आणि वितळू न देता भट्टीत भाजायची. कण एकमेकांना कडेकडेने जुळतात आणि मधली रिकामी जागा तशीच राहते. बहुतेक भागांत ही छिद्रे म्हणजे दोष. पण स्टार्टर मोटरच्या किंवा पंख्याच्या बुशमध्ये तीच मुद्दाम ठेवलेली असतात. बुशच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा पोकळ असतो आणि त्यात तेल मुरवलेले असते. शाफ्ट फिरून गरम झाला की तेल बाहेर येते, थांबून गार झाला की छिद्रे ते पुन्हा आत ओढून घेतात. वर्षानुवर्षे कोणी तेल घालत नाही.

ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी उपग्रहासाठी बनवलेले इंडियमचे आयन इंजिन याच गुणावर उभे आहे. त्याच्या मधोमध टंगस्टनचा एक छोटा मुकुट असतो आणि त्याला वर अठ्ठावीस सुया. हा मुकुट कोरलेला नसतो. टंगस्टनची बारीक पूड साच्यात भरून तो घडवतात आणि भाजतात, म्हणून तो आतून सच्छिद्र राहतो. इंधन आहे इंडियम, एक मऊ धातू. रॉकेट सुटताना तो घट्ट असतो, त्यामुळे ना दाबाची टाकी, ना व्हॉल्व्ह, ना गळतीची भीती. अवकाशात १५७ अंशांना तापवला की वितळतो आणि समईच्या वातीत तेल चढावे तसा टंगस्टनच्या छिद्रांतून सुईच्या टोकापर्यंत चढतो. तिथे काही हजार व्होल्टचा दाब त्याला आणखी ओढतो, द्रवाचा एक अतिसूक्ष्म शंकू तयार होतो आणि त्याच्या टोकावरून इंडियमचे आयन सुटतात. टंगस्टनच का? कारण वितळलेले इंडियम त्यावर छान पसरते, त्याला गंजवत नाही, आणि टंगस्टन स्वतः ३४२२ अंशांपर्यंत घट्ट राहते.

जोर साधारण ०.३५ मिलिन्यूटन. पृथ्वीवर पस्तीसेक मिलिग्रॅम तोलण्याइतका. दहा किलोच्या उपग्रहावर तो दिवसभर चालू ठेवता आला, तर दिवसाला तीन मीटर वेगबदल मिळतो, म्हणजे कक्षा रोज पाचेक किलोमीटर हलते. हे इंजिन जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा एका छोट्या उपग्रहावर अवकाशात गेले आणि एनपल्शन ही कंपनी ते विकू लागली. सगळी करामत छिद्रांच्या मापात आहे. छिद्र मोठे झाले तर द्रव सांडतो, लहान झाले तर चढत नाही, आणि अठ्ठावीस सुयांपैकी काहींची टोके बोथट निघाली तर जोर उरलेल्या सुयांवर येतो.

टंगस्टनची पूडही या पट्ट्याला परकी नाही. दापोडीच्या सँडविकमध्ये बनलेले कार्बाइडचे इन्सर्ट इथल्या अनेक सीएनसी मशीनवर चालतात आणि तेही टंगस्टन कार्बाइडची पूड दाबून, भाजूनच होतात. फरक एवढा, की इन्सर्टमध्ये एकही छिद्र राहू नये अशी खटपट असते आणि मुकुटात प्रत्येक छिद्र ठरलेल्या मापाचे हवे असते. पुडीच्या कणांचे माप, दाब आणि भट्टीचा वेळ या तीन चाव्या दोन्हीकडे त्याच आहेत.

दुसरीकडे फ्रान्सच्या थ्रस्टमी कंपनीने आयोडीन निवडले. तेही घन असते, तापवले की थेट वाफ होते, आणि महाग झेनॉनच्या मानाने स्वस्त पडते. नोव्हेंबर २०२० मध्ये सुटलेल्या एका चिनी उपग्रहावर ते यशस्वी झाले. पण आयोडीन बहुतेक धातूंना खाते. त्यामुळे टाकीपासून जाळीपर्यंत प्रत्येक पृष्ठभागाला सिरॅमिकचा किंवा पॉलिमरचा संरक्षक लेप द्यावा लागतो. इंधन स्वस्त झाले तर खर्च लेपावर जातो.

हेडलाइटची चकाकी आणि सौरशीड

इंधनच नको, असाही एक मार्ग आहे आणि तो ‘स्वयम’च्या घरातलाच. सीओईपीच्या विद्यार्थी गटाने पुढच्या उपग्रहासाठी सौरशिडाची कल्पना हाती घेतली. प्रकाश आरशावर आदळून परततो तेव्हा तो आरशाला ढकलतो. पृथ्वीच्या अंतरावर हा दाब चौरस मीटरला नऊ मायक्रोन्यूटन आहे. बत्तीस चौरस मीटरचे शीड असेल तर जोर जवळपास इंडियमच्या इंजिनाइतका होतो, आणि तोही एक थेंब न जाळता. २०१९ मध्ये गेलेल्या ‘लाइटसेल-२’ या पाच किलोच्या उपग्रहाने नेमके एवढेच शीड उघडले आणि थोड्याच दिवसांत आपल्या कक्षेचा सर्वांत उंच बिंदू सुमारे दोन किलोमीटरने वर नेला.

ते शीड होते साडेचार मायक्रॉन जाडीच्या पॉलिस्टर फिल्मचे, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. चाकण-चिंचवडच्या दिव्यांच्या कारखान्यांत हेडलाइटचा रिफ्लेक्टर असाच चमकवतात. प्लॅस्टिकचा भाग निर्वात पेटीत ठेवायचा, ॲल्युमिनियमची वाफ करायची, की मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका थर बसतो आणि आरसा तयार होतो. रिफ्लेक्टरला पुढे आयुष्यभर घट्ट बसून राहायचे असते. शिडाला मात्र बारीक घडी घालून महिनोन्‌महिने ठेवायचे आणि एकदाच, न फाटता, न चिकटता उलगडायचे असते. घडीच्या रेषेवर ॲल्युमिनियमला तडा गेला, तर तिथून खालच्या कक्षेतला अणुरूप ऑक्सिजन फिल्म पोखरत जातो. म्हणून प्रश्न चमकवण्याचा राहत नाही, घडी घालण्याचा होतो.

दहा नग आणि दहा कहाण्या

पिंपरी-चाकणचा पट्टा घडला तो लाखांच्या हिशेबाने. एकाच मापाचे लाखभर नग काढायचे, त्यांतले थोडे तपासायचे आणि आलेखावरून बाकीच्यांची खात्री करायची. उपग्रहाच्या इंजिनाचे काम याच्या उलट चालते. नग दहाच, पण प्रत्येकाची जन्मकथा वेगळी लिहिलेली हवी. पूड कोणत्या लॉटची, भट्टीत कोणत्या जागी ठेवली होती, कोणी तपासले, निर्वात पेटीत किती तास चालवले. शिवाय काही मिलिन्यूटनचा जोर मोजणे हीच एक कला आहे. त्यासाठी निर्वात पेटीत टांगलेला संवेदनशील लोलक लागतो आणि बाजूने ट्रक गेला तरी तो हलतो. अशी सोय परिसरातल्या लहान कारखान्यांना एकेकट्याने परवडणारी नाही. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरने मोटारींच्या सुट्या भागांसाठी चाचणी आणि प्रोटोटाइपची सामायिक सोय उभी केली, तशी निर्वात पेटीची सामायिक सोय झाली तर पूड, लेप आणि फिल्म या तिन्ही क्षेत्रांतल्या कारागिरांना आपला नमुना घेऊन जाण्यासाठी जवळचे दार मिळेल.

सुरुवात लहान नमुन्यांपासून करता येते. कन्व्हर्टरच्या ठोकळ्याचा बोटभर तुकडा घ्यावा, त्यावर लॅन्थेनममिश्रित ॲल्युमिनाचा लेप आणि प्लॅटिनम चढवावे, परवाना असलेल्या प्रयोगशाळेत नव्वद टक्के पेरॉक्साइडचे हजारो स्पंद, म्हणजे क्षणभराचे फवारे, त्यावर सोडावेत आणि दर शंभर स्पंदांनी वजन करून पाहावे की लेप किती गळला. सीओईपीत धातुशास्त्राचा विभाग आहे, पाषाणला डीआरडीओची एचईएमआरएल ही उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे, चाकणला उत्प्रेरक जुना करून तपासणारे हात आहेत. या तिघांमधले अंतर तासा-दोन तासांच्या प्रवासाचे आहे. २०३० ची मुदत मात्र ठरलेली आहे, आणि तोवर विद्यार्थ्यांच्या पुढच्या एक किलोच्या उपग्रहालाही स्वतः खाली उतरता आले पाहिजे.